सगळे आवाज उजवीकडून

मला ऐकू येत होतं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण घोळ तिथेच झाला. ऐकू येणं बंद झालं असतं तर मी मुकाट्याने डॉक्टरकडे गेले असते. पण कुकरची शिट्टी, दाराची बेल, पोरांचं रडणं, सगळं ऐकू येत होतं. फक्त ते कुठून येतंय हे कळेनासं झालं होतं. हाही आजार असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

माझ्या डाव्या कानाचं ऑपरेशन होऊन आता बरेच महिने झाले. तपासणीला जाते तेव्हा बाकावर बसलेल्या बायका विचारतात, "तुम्हाला नेमकं काय होत होतं हो?" मी सांगायला लागले की एखादी तरी म्हणते, "अगदी असंच होतं माझं, पण घरी कोणाला पटत नाही." तिच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं लिहिणार नाही. ती तुमचे डॉक्टर सांगतील.

पाठीला कान

बदलापूरला बेलवलीत आमचं तळमजल्यावर घर आहे. तिथे मी पाळणाघर चालवते. सकाळी आईबाप कामाला निघतात, जाता जाता मूल माझ्याकडे देतात. दारामागे खुंट्या आहेत, प्रत्येक मुलाची एक. खुंटीला पिशवी लागली की मूल माझ्या जबाबदारीचं. संध्याकाळी पिशवी उतरली की आईचं. एवढा साधा व्यवहार आहे आणि त्यात चुकायला जागा नाही.

घराची रचना सांगून ठेवते, पुढे लागेल. ओट्याशी तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला हॉल आणि त्याच्या पलीकडे मुख्य दार. डाव्या हाताला छोटा बोळ, बोळाच्या टोकाला मोरी.

मदतीला लता आहे. ती बेलवली गावातलीच. घरची भातशेती होती, आता त्यातली थोडी उरली आहे. लता मुलांना भरवते, झोपवते, आणि माझी बिनपगारी समीक्षक आहे.

माझं काम निम्मं कानाने चालायचं. पोळ्या लाटताना हॉलकडे बघत नसले तरी कोण खुर्चीवर चढतंय, कोण कोणाची गाडी ओढतंय, कोण संशयास्पद गप्प आहे, हे मला कळायचं. मी न वळता म्हणायची, "आरव, पडदा सोड." पडदा सुटायचा. मुलांना वाटायचं काकूंच्या पाठीला कान आहेत. मलाही थोडंसं तसंच वाटत असावं.

लक्षणं, जी मला लक्षणं वाटली नाहीत

आधी कुकरची शिट्टी शेजारी गेली. म्हणजे मला वाटायचं, सावंतांकडे कुकर होतोय. आमचं वरण दोनदा लागलं तेव्हा कळलं की सावंत वहिनी तर माहेरी गेल्यात.

मग मोबाईल. तो वाजायचा, मी हॉलमध्ये उशा उचलून बघायची, आणि तो बोळाच्या तोंडाशी फ्रिजवर असायचा. स्टेशनच्या रस्त्याला एकदा हॉर्न ऐकून मी उजवीकडे बघत डावीकडे सरकले. रिक्षा डावीकडूनच येत होती. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "मावशी, मरायचं असेल तर दुसरी रिक्षा बघा." मी त्यालाच चार शब्द सुनावले.

घरात भांडणं वाढली. माझा नवरा दिलीप अंबरनाथला एका कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. घरी असला की त्याला काहीतरी सापडत नसतं.

"अगं, इकडे ये जरा."

"इकडे म्हणजे कुठे?"

"इकडे म्हणजे इकडे. आवाज येत नाही का?"

"आवाज येतोय. तुम्ही कुठे आहात ते सांगा."

"घर केवढं आहे आपलं? राजवाडा आहे?"

त्याला वाटायचं मी मुद्दाम करते. मला वाटायचं तो मुद्दाम लपून बोलतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोन्ही गोष्टी शक्य असतात, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

आणखी एक गंमत होती. माझा स्वतःचा आवाज मला डोक्यात घुमल्यासारखा मोठा ऐकू यायचा. चिवडा खाताना तर समोरच्याचं बोलणं बुडून जायचं. त्यामुळे मी नकळत हळू बोलायला लागले होते. मुलांच्या आया कौतुक करायच्या, "काकू मुलांवर कधी आवाज चढवत नाहीत." तो माझा सद्गुण नव्हता, माझा कान होता.

घरचा उपाय म्हणून लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून डाव्या कानात सोडलं. पुन्हा पुन्हा सोडलं. उपयोग शून्य, उशीचे अभ्रे मात्र तेलकट झाले. तुम्ही हे करू नका.

वाजणारे बूट

मुलं कुठे आहेत ते कळत नाही, तर मुलांचा आवाज वाढवावा, असा हिशेब मी केला. मला तो तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात लहान मुलांचे वाजणारे बूट मिळतात. पाऊल टाकलं की चूं, उचललं की चूं. मी सगळ्या मुलांच्या मापाचे घेतले. दुकानदार सिंधी, वयस्कर, गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघत होता.

"इतने सारे? भाभी, घर में क्रिकेट टीम है क्या?"

"पाळणाघर है."

"अच्छा. तो साथ में कान के लिए रुई भी ले जाओ. वो मेरी तरफ से."

मी हसले. त्याने खरंच कापसाचं पाकीट पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी घरात नुसतं चूं-चूं सुरू झालं. मुलं खूश. लता कपाळाला हात लावून बसली. "काकू, ह्यो घर हाय कं उंदरांचा बीळ?"

मी म्हटलं, "असू दे. निदान कळेल तरी."

कळलं काहीच नाही. पूर्वी शांत घरात एखादं मूल रडलं तर मी इकडेतिकडे बघून शोधायची. आता सगळीकडे आवाजच आवाज, आणि माझ्यासाठी ते सगळे एकाच बाजूने, उजवीकडून. तरी मी ते बूट काढायला लावले नाहीत. एकदा उपाय केला की तो चालतोय असं मानायची मला सवय आहे.

ओवी

ओवी तेव्हा नुकतीच नीट बोलायला लागली होती. तिची आई स्नेहा मुंबईला नोकरी करते, बाबा बाहेरगावी असतात. ओवी चालती झाली त्या सुमारास माझ्याकडे आली. माझ्याकडच्या सगळ्यात शहाण्या मुलांपैकी एक, म्हणून तिच्यावर डोळा ठेवायची गरज कमी वाटायची.

त्या दिवशी लता दूध आणायला गेली होती. मी ओट्याशी भाजी परतत होते. बाकीची मुलं हॉलमध्ये ठोकळे खेळत होती. आणि ओवी रडायला लागली. साधं रडणं नाही. घाबरल्यावर मुलांचा आवाज फाटतो, तसं. "काकू, काकू." त्यासोबत बुटांचं चूं-चूं, एका जागी, भराभर. ती पाय आपटत होती.

मी गॅस बंद केला आणि उजवीकडे धावले. हॉलमध्ये ती नव्हती. मुख्य दार नुसतं लोटलेलं होतं. मला वाटलं, बाहेर गेली. मी जिन्यापर्यंत गेले, वरच्या मजल्यापर्यंत चढले, खाली आले, फाटकाबाहेर रस्त्यावर आले. रडणं ऐकू येत होतं. रस्त्यावर जाऊन मी परत घराकडे तोंड केलं, तर आवाज दुसऱ्या बाजूला. मी वळले की तोही वळायचा. मी जिकडे फिरेन तिकडे तो माझ्या उजव्या खांद्याशी उभा. असं वाटणं काय असतं ते मी कोणाला सांगू शकलेले नाही. मूल हाका मारतंय, हाक स्पष्ट ऐकू येतेय, आणि जायचं कुठे ते माहीत नाही.

घरात दार उघडं टाकून मी बाकीची मुलं एकटी सोडली होती, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

लता दुधाच्या पिशव्या घेऊन समोरून आली. तिने मला बघितलं, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "पोर मोरीन हाय. तुमी रस्त्याव काय करताव?"

ती धावली, मी तिच्या मागे. मोरीचं दार आतून बंद होतं. ओवीने कडी सरकवली होती आणि तिला ती परत काढता येत नव्हती. आत नळ सुरू. लताने दारातल्या झडपेतून हात घालून कडी काढली. ओवी भरलेल्या बादलीशेजारी भिजून उभी होती. पडली नव्हती. लागलं नव्हतं. पायात ते बूट, त्यांत पाणी गेलेलं, तरी वाजत होते.

मी तिला उचललं. ती माझ्या मानेला घट्ट धरून बसली, आणि रडं थांबल्यावर म्हणाली, "काकू, तू आली नाही."

मी ओट्यापासून मोरीपर्यंत चार पावलं डावीकडे गेले असते तर पुरलं असतं.

संध्याकाळ

लता म्हणाली, "काकू, पोरीला काय झाला नाय. सांगायची गरज हाय का?"

तिचा हेतू चांगला होता. पण खुंटीवर पिशवी होती तोवर ते मूल माझ्या जबाबदारीचं होतं, आणि पिशवीसोबत मला हेही परत करायचं होतं.

स्नेहा आली तेव्हा मी तिला खुर्ची दिली आणि जे झालं ते क्रमाने सांगितलं. मी रस्त्यावर गेले तेही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पण काकू, ती तर मोरीत होती."

"हो."

"आणि तुम्हाला ऐकू येत होतं."

"हो."

तिने ओवीला कडेवर घेतलं, पिशवी उतरवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ओवी आली नाही. निरोप आला की आजी काही दिवस येऊन राहणार आहे. मी त्या खुंटीवर दुसऱ्या कोणाची पिशवी लावू दिली नाही.

दिलीपला रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "बंद करून टाक. लोकांची पोरं आहेत. उद्या काही झालं तर?"

"कान दाखवते आधी."

"कान दाखव, पण हे बंद कर."

"मग मी काय करू?"

"काय करू म्हणजे? घरी बस की आरामात."

मी ताट उचललं. त्याचं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला राग आला. पण त्याच रात्री त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन मोरीची कडी काढून टाकली. 

डॉक्टर

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कानाच्या डॉक्टर आहेत, तिथे दिलीपला घेऊन गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, मळ नाही, पडदाही चांगला आहे. मग लोखंडी चिमट्यासारखं एक साधन ठोकून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. ते गुणगुणतं.

"कुठे ऐकू येतंय?"

"डावीकडे," मी म्हटलं, आणि मलाच धक्का बसला. जो कान कामातून गेला असं वाटत होतं, त्यातच ते जास्त जोरात वाजत होतं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणजे आतली नस बहुतेक चांगली आहे. वाटेत अडथळा आहे."

काचेच्या खोलीत बसवून कानाचा आलेख काढला, त्यातही तेच निघालं. शाळेत शिकलेलं त्यांनी आठवायला लावलं. कानात तीन चिमुकली हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. माझी रिकीब जागच्या जागी घट्ट बसली होती. हलत नव्हती, त्यामुळे आवाज आत पोचताना दबून जायचा.

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि खोलीत वेगवेगळ्या जागी उभं राहून चुटक्या वाजवल्या. मी बोट दाखवायचं. मी दाखवत गेले. डोळे उघडले तेव्हा दिलीप माझ्याकडे कधी नव्हे अशा नजरेने बघत होता.

"काय झालं?"

"तू सारखी उजवीकडेच बोट दाखवत होतीस," तो म्हणाला. "त्या तुझ्या डाव्या हाताशी उभ्या होत्या तरी."

डॉक्टर म्हणाल्या, "आवाज कुठून आला हे एक कान ठरवत नाही. कोणत्या कानात आधी पोचला, कुठे मोठा वाटला, हे मेंदू ताडून बघतो. तुमचा एक साक्षीदार गप्प बसलाय. दुसरा सांगेल ते मेंदू खरं मानतो."

मी विचारलं, "आवाज मोठा केला तर?"

"कशाचा?"

"समजा, मुलांच्या बुटांचा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "मोठा झाला तरी एकाच कानात मोठा होणार ना."

परत येताना रिक्षेत, बदलापूर आलं तेव्हा दिलीप म्हणाला, "मला वाटायचं तू मुद्दाम करतेस." एवढंच. पण त्या दिवसापासून आमच्या घरात 'इकडे' हा शब्द बंद झाला. तो आता "मी बेडरूममध्ये आहे, कपाटापाशी," अशी रेल्वेच्या घोषणेसारखी हाक मारू लागला. ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांनी एवढं तरी करा. यायला सांगण्याआधी आपण कुठे आहोत ते सांगा.

निर्णय

दोन वाटा होत्या, कानाचं यंत्र किंवा ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये अडकलेल्या हाडाच्या जागी तांदळाच्या कणीएवढा कृत्रिम तुकडा बसवतात. बहुतेकांना गुण येतो. थोड्यांचा आहे तो कानही जातो. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी सारख्याच आवाजात सांगितल्या.

मला भीती वाटली. डॉक्टर म्हणाल्या होत्या की हा आजार पुढेमागे दुसऱ्या कानातही येऊ शकतो. डावा ऑपरेशनमध्ये गेला आणि उजवाही कमी झाला, तर? दुपारी मुलं झोपली की मी उजव्या कानात त्या दुकानदाराचा कापूस घालून बसायची. किती ऐकू येतंय ते बघायला. लताने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "असा बसून भिती जाते कं?" मी कापूस फेकून दिला.

शेवटी सुट्टीचे दिवस बघून ऑपरेशन ठरवलं आणि ग्रुपवर कळवलं की पाळणाघर काही आठवडे बंद राहील, पुन्हा सुरू होईलच असं आज सांगता येत नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. आयांची पंचाईत झाली. कोणी सुट्टी काढली, कोणी आजोबांना गावाहून बोलावलं. दोघींनी कळवलं की त्यांनी दुसरीकडे सोय केली आहे, कायमची. चूक त्यांची नव्हती.

हॉस्पिटल

ऑपरेशन फक्त कान बधिर करून केलं. मी जागी होते. तोंडावर हिरवं कापड. बराच वेळ खरवडल्यासारखं काहीतरी डोक्याच्या आत चालू होतं आणि मी पाळणाघरातल्या मुलांची नावं खुंट्यांच्या क्रमाने मनात म्हणत होते. देवाचं नाव आठवायला हवं होतं, पण तोंडी हेच बसलेलं.

मग अचानक डाव्या बाजूला ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. डाव्या बाजूला. माझ्या जगात त्या बाजूला बरेच दिवस काही घडलं नव्हतं.

"काकू, ऐकू येतंय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"येतंय," मी म्हटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या, "रडू नका, नाक भरून येईल. शिंकरायचं नाहीये तुम्हाला." मी लगेच थांबले. सूचना स्पष्ट असली की मला बरं पडतं.

नंतर दोन दिवस खोली गरगर फिरत होती. मान हलवली की उलटी. जिभेवर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव, चहासुद्धा नाण्याचा. शेजारच्या खाटेवर एक सिंधी आजी होत्या, त्यांच्या सुनेने घरून सगळ्या भाज्या घालून शिजवलेली पालकाची भाजी आणली. आजी म्हणाल्या, "थोडा खा ले बेटी, स्वाद नहीं तो ताकत तो आएगी." मी खाल्ली. चव कळली नाही. पण कोणीतरी चव कळणार नाही हे धरूनच खायला देतंय, हे फार बरं वाटलं.

घरी जाताना नियम मिळाले. जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, सर्दी झालेल्यांपासून लांब राहायचं. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे कोळणीला मासळीपासून लांब राहा म्हणण्यासारखं.

आता सगळं डावीकडून

कानातली पट्टी काढली आणि जग अंगावर आलं. पिशवीची चुरचुर, पंख्याची घरघर, ताटात ठेवलेला चमचा, सगळं पत्र्यावर पडल्यासारखं. त्याहून वाईट म्हणजे आता सगळे आवाज डावीकडून यायला लागले. कुकर ओट्यावर समोर, आणि शिट्टी मोरीत.

या दिवसांबद्दल मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगते. ऐकू येणं एका दिवसात परत येतं. दिशा येत नाही. मी घाबरून डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "साक्षीदार बोलायला लागलाय. मेंदूचा अजून त्याच्यावर विश्वास बसायचाय. वेळ द्या. आणि सराव करा."

सराव असा केला. मी हॉलच्या मधोमध खुर्चीवर डोळे मिटून बसायची आणि दिलीप वाटी-चमचा घेऊन घरभर फिरायचा. वाजवायचा, मी बोट दाखवायची. पहिले कित्येक दिवस तो फक्त "नाही" म्हणत होता. मग एका दिवशी "हो, हो, हो" असं सलग म्हणायला लागला. मी डोळे उघडले तर तो एकाच जागी उभा होता आणि माझ्या बोटाकडे बघतसुद्धा नव्हता.

"हे काय?"

"तुला जरा बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटून काय करायचंय? मूल मोरीत असलं आणि मी रस्त्यावर गेले तर तिथे तुम्ही 'हो, हो' म्हणणार?"

तो वाटी ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी लता आली आणि तिने वाटी उचलली. तिला कोणाला बरं वाटावं याची फिकीर नसते. "चुकला. परत. चुकला. काकू, त्यो देव्हारा हाय, मी खिरकीत हाय." दिलीप दारातून बघत राहिला आणि मग त्यानेही चमचा घेतला. दोघं दोन बाजूंना उभे राहून मला फसवायचे. हळूहळू, अगदी हळूहळू, आवाजांना जागा मिळत गेल्या. आधी शिट्टी ओट्यावर आली. मग फोन फ्रिजवर. एकदा दिलीप सवयीने बेडरूममधून ओरडला, "अगं, इकडे ये," आणि जीभ चावणार तोवर मी तिथे जाऊन उभी होते.

अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये, बाजारात माझा गोंधळ होतो. उजवा कान दर काही महिन्यांनी तपासून घेते. तो कधी काय करेल सांगता येत नाही.

खुंटी

पाळणाघर पुन्हा सुरू केलं ते नवीन नियमांनी. लता बाहेर गेली की मी ओट्याशी उभी राहत नाही. मुख्य दाराला वर कडी. मोरीच्या दाराला कडी नाहीच. माझ्या कानाचं काय झालं ते प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी सांगते. काही जण ऐकून परत जातात. वाजणारे बूट मी वाटून टाकले.

स्नेहाला मी बोलावलं नव्हतं. एका रविवारी ती ओवीला घेऊन आपणहून आली, नुसतं भेटायला म्हणाली. पिशवी तिच्या खांद्यावरच होती. ओवी मला विसरली नव्हती, पण आईच्या मागेच राहिली. मी आग्रह केला नाही. चहा टाकायला ओट्याशी गेले. स्नेहा खुंट्यांपाशी उभी राहून बघत होती. एक रिकामी होती.

"ही कोणाची?" तिने विचारलं.

"तिचीच."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. ओवी आईला सोडून कुठेतरी गेली होती. मी चहात साखर घालत होते. घर शांत होतं. मग लहान मुलं लपल्यावर स्वतःच ओरडतात तशी ती ओरडली, "काकू, मी कुठेय?"

स्नेहा माझ्याकडे बघते आहे हे मला न वळताही कळलं. हातातला चमचा थांबला. आवाज डावीकडून आला होता. बोळातून, जरा घुमून, फरशीला आपटून आल्यासारखा. मी एकदा मनात ताडून पाहिलं.

"मोरीत आहेस," मी म्हटलं. "बाहेर ये, पाय ओले करू नकोस."

मोरीतून खुदखुदण्याचा आवाज आला. चहा उकळून वर येत होता, मी गॅस बारीक केला. मग उजवीकडे, मुख्य दाराशी, पिशवीचा बंद लाकडी खुंटीला घासल्याचा आवाज झाला. तो कुठून आला हे बघायला मला वळावं लागलं नाही.